फुटते, पण कुठे?

१४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७. सदुसष्ट दोन एकमेकांत गुणायचे आणि आलेल्या गुणाकारातून १ वजा करायचा, की ही एकवीस अंकी संख्या मिळते. १६४४ साली एका फ्रेंच धर्मगुरूने ती मूळ संख्या असल्याचे छापले. १८७६ साली दुसऱ्या एका फ्रेंच गणितज्ञाने ती मूळ नसल्याचे दाखवले. तिचे अवयव पाडून दाखवायला मात्र १९०३ साल उजाडावे लागले. यातल्या पहिल्या दोन सालांचा संबंध समजायला सोपा आहे: आधी चूक, मग दुरुस्ती. विचार करायला लावतो तो नंतरचा काळ. सत्तावीस वर्षे ही संख्या फुटते एवढे ठाऊक होते आणि ती कुठे फुटते याचा पत्ता नव्हता. शाळेतल्या गणिताच्या सवयीने हे अशक्य वाटते. ९१ मूळ नाही, असे आपण म्हणतो ते सात तेरे एक्क्याण्णव आठवते म्हणून. ‘मूळ नाही’ हे विधान आणि ‘हे घ्या अवयव’ हा पुरावा आपल्या डोक्यात एकच होऊन बसलेले असतात. माझे म्हणणे असे आहे की ही दोन वेगळी ज्ञाने आहेत. पहिले स्वस्तात मिळते, दुसरे फार महाग पडते. आणि त्यांच्यामधली दरी एकोणिसाव्या शतकातल्या लोकांकडे यंत्रे नव्हती म्हणून पडलेली नव्हती. यंत्रे आली तशी ती रुंदावतच गेली.

धर्मगुरूचे नाव मारँ मर्सेन. त्याला या संख्यांत रस होता तो युक्लिडपासून चालत आलेल्या एका जुन्या हौसेपायी. ६ ही संख्या तिच्या स्वतःखेरीजच्या विभाजकांची, म्हणजे १, २ आणि ३ यांची बेरीज आहे. २८ ही १, २, ४, ७ आणि १४ यांची. अशा परिपूर्ण संख्या बनवण्याची युक्लिडची रीत २ च्या घातातून १ वजा करून येणाऱ्या मूळ संख्यांवर उभी आहे. तेव्हा असे कोणते घात मूळ संख्या देतात, हा प्रश्न उरतो. घातांक स्वतः मूळ असावाच लागतो, हे चटकन सिद्ध होते; पण तेवढ्याने भागत नाही. ११ मूळ आहे, तरी २ च्या अकराव्या घातातून १ गेल्यावर उरणारे २०४७ हे २३ गुणिले ८९ आहे. मर्सेनने २५७ पर्यंतच्या घातांकांसाठी यादीच देऊन टाकली: २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७. त्याने हे सगळे तपासलेले असणे शक्यच नव्हते. ३१ हा घातांक खरोखर मूळ संख्या देतो हे सिद्ध करायलाही १७७२ साली ऑयलरला हात लावावा लागला. पुढे कळले की यादीतले ६७ आणि २५७ चुकीचे होते, शिवाय ६१, ८९ आणि १०७ राहून गेले होते. यादीचा पूर्ण निकाल लागायला १९४७ साल आले. पाच ठिकाणी चुकलेल्या यादीवर तीनशे वर्षे गणित पोसले गेले आणि संख्यांना नावही चुकणाऱ्याचेच राहिले. गणितात असे घडते. आपल्या एकवीस अंकी संख्येला सोयीसाठी म-६७ म्हणू.

म-६७ फुटते का, हे पाहण्याचा सरळ मार्ग कुणालाही सुचेल: भाग लावून बघायचे. वर्गमूळापर्यंतच्या मूळ संख्या तपासल्या की पुरे. पण हे वर्गमूळ सुमारे १,२१५ कोटी भरते आणि तिथपर्यंत पन्नास कोटींहून अधिक मूळ संख्या आहेत. मिनिटाला एक भागाकार या वेगाने, झोप न घेता, साडेनऊशे वर्षे. सुदैवाने एवढे करावे लागत नाही, कारण म-६७ चा अवयव कोणतीही ऐरीगैरी संख्या असू शकत नाही. कारण छोट्या उदाहरणात दिसते. २ चे घात घेऊन प्रत्येकाला २३ ने भागा आणि बाक्या लिहा: २, ४, ८, १६, ९, १८, १३, ३, ६, १२, १. अकराव्या घरात १ आला की पुढे पुन्हा तेच चक्र. चक्राची लांबी ११ आहे, कारण २३ ने २०४७ ला पूर्ण भाग जातो. दुसरीकडे फर्माचा नियम सांगतो की मूळ संख्येने भागताना तिच्याहून एकाने कमी इतक्या घाताला बाकी १ येतेच. इथे बाविसाव्या घाताला. अकराचे चक्र बाविसाव्या घरी १ वर यायचे तर २२ हा ११ च्या पाढ्यात असला पाहिजे, आणि तो आहे. ८९ चेही तसेच, ८८ म्हणजे अकरा आठे. म-६७ ला हाच न्याय लावला की तिच्या प्रत्येक मूळ अवयवातून १ वजा केल्यावर उरणाऱ्या संख्येला ६७ ने भाग जायला हवा. ती समही असणार, म्हणून १३४ ने. दुसरी चाळणी याच चक्रातून निघते. २ च्या ६७ व्या घाताची बाकी १, म्हणजे ६८ व्याची बाकी २. आणि ६८ वा घात म्हणजे ३४ व्या घाताचा वर्ग. तेव्हा अवयवाच्या दरबारात २ ही कुठल्यातरी वर्गाची बाकी असते, आणि असे होते ते फक्त ८ ने भागल्यावर १ किंवा ७ उरणाऱ्या मूळ संख्यांच्या बाबतीत. दोन्ही चाळण्या लावल्या की पन्नास कोटींच्या ढिगातून एकशेबत्तिसांपैकी एखादीच उमेदवार मूळ संख्या शिल्लक राहते. म-६७ चा लहान अवयव १९,३७,०७,७२१ आहे, हे आज आपल्याला माहीत आहे. त्यातून १ काढून १३४ ने भागले तर पूर्ण १४,४५,५८० येतात. तिथवर पोचेपर्यंत वाटेत अंदाजे ऐंशी हजार उमेदवार भेटतात. एकवीस अंकी संख्येला नऊ-नऊ आकडी संख्यांनी ऐंशी हजार वेळा भागायचे, आणि तेही अवयव कुठे आहे हे माहीत नसताना. पहिला अवयव हजार कोटींपाशी दडलेला असता तरी आधी कळायला मार्ग नव्हता.

एदुआर ल्युकाने १८७६ साली हा शोध घेतलाच नाही. त्याने प्रश्न फिरवला: अवयव कोणता ते राहू दे, मूळ संख्येच्या ठायी असायलाच हवा असा एखादा गुण हिच्यात आहे का? त्याच्या कसोटीला डेरिक लेमरने १९३० साली दिलेले सुटसुटीत रूप असे. ४ पासून सुरुवात करा. प्रत्येक वेळी संख्येचा वर्ग करा, त्यातून २ वजा करा आणि जिची परीक्षा आहे तिने भागून बाकी ठेवा. घातांकाहून दोनने कमी इतक्या पावलांनी बाकी शून्य आली तर संख्या मूळ, नाही आली तर नाही. सातव्या घाताची संख्या १२७ घेऊ. ४ चा वर्ग १६, वजा २, म्हणजे १४. १४ चा वर्ग १९६, वजा २, १९४. त्यातून १२७ गेले, ६७. मग ४२, मग १११. १११ म्हणजे १२७ ला सोळा कमी, तेव्हा वर्ग करायला १६ चालतात: २५६, वजा २, २५४, ती १२७ ची दुप्पट. बाकी शून्य, पाच पावलांत. १२७ मूळ. आता २०४७. चाल तीच: ४, १४, १९४, ७८८, ७०१, ११९, १८७७, २४०, २८२ आणि नवव्या पावलाला १७३६. शून्य नाही. २०४७ मूळ नाही. या गणितात २३ कुठे आले? ८९ कुठे आले? कुठेच नाहीत. शेवटची १७३६ ही बाकी फोडून पाहिली तर ८, ७ आणि ३१ निघतात; तिचा आणि २०४७ चा मसावि १. गुन्हा शाबीत झाला, गुन्हेगाराचे नाव मात्र कागदावर कुठेही नाही. म-६७ साठी अशी पासष्ट पावले लागतात. एकवीस अंकी संख्यांचे पासष्ट वर्ग कंटाळवाणे असतील, पण एका माणसाच्या आवाक्यातले आहेत. ल्युकाने आपल्या कसोटीने म-६७ ला मूळ संख्यांतून बाहेर काढले आणि त्याच वर्षी म-१२७ ही एकोणचाळीस अंकी संख्या मूळ असल्याचे दाखवले. तिच्याहून मोठी मूळ संख्या पुढे पाऊणशे वर्षे कुणी सिद्ध केली नाही.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो हलका नाही. अवयव दाखवल्याशिवाय ‘फुटते’ म्हणणे हा पुरावा मानायचा का? तर्काच्या बाजूने उत्तर सरळ आहे. मूळ संख्येला शून्यावर यावेच लागते हे एकदा सिद्ध झाले की शून्यावर न येणारी संख्या मूळ नाही, यात फट उरत नाही. पण आक्षेपाचे दुसरे टोक व्यवहारात बोचते. ल्युकाच्या कसोटीत कुठेतरी एक हातचा विसरला तर पुढची सगळी बाकी बदलते, आणि चुकलेली बाकी जवळजवळ नक्कीच शून्य नसते. म्हणजे गणित चुकले तर निकाल ‘मूळ नाही’ असाच लागणार. उलट, शून्य आले तर ते योगायोगाने आले असण्याची शक्यता नगण्य. तेव्हा हातच्या कागदावरचे ‘मूळ आहे’ विश्वासार्ह आणि ‘मूळ नाही’ संशयास्पद, असा विचित्र प्रकार होतो. संशय घालवायचा तर कुणीतरी पासष्ट पावले पुन्हा चालली पाहिजेत. अवयवांचे तसे नसते. ते मिळाले की एक गुणाकार आणि वाद संपला. हा आक्षेप मला मान्य आहे, पण त्यातून निघते ते माझ्याच बाजूचे. दोन्ही ज्ञाने एकच असती तर त्यांच्या खात्रीचा कसही सारखाच निघाला असता.

तो एक गुणाकार ३१ ऑक्टोबर १९०३ रोजी न्यू यॉर्कमध्ये अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या बैठकीत कोलंबिया विद्यापीठाच्या फ्रँक नेल्सन कोल यांनी मांडला. प्रसिद्ध कथा अशी की ते एक शब्द न बोलता फळ्यापाशी गेले, एका बाजूला २ चा ६७ वा घात काढून त्यातून १ वजा केला, दुसऱ्या बाजूला १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७ यांचा हाताने गुणाकार केला, दोन्ही उत्तरे जुळली, आणि टाळ्यांच्या कडकडाटात ते तसेच मुक्याने जागेवर जाऊन बसले. ही कथा सांगितली एरिक टेंपल बेल याने, तीही जवळपास अर्ध्या शतकानंतर. बेल रंगवून सांगणारा लेखक. तेव्हा कोल त्या दिवशी अवाक्षर बोललेच नाहीत का, यावर पैज लावू नये. गुणाकाराला मात्र साक्षीदाराची गरज नाही. शेवटचे तीन अंक कुणीही आत्ता पडताळू शकतो: ७२१ गुणिले २८७ म्हणजे २,०६,९२७, आणि म-६७ चा शेवट ९२७ आहे.

बेलने आणखी एक गोष्ट लिहून ठेवली आहे. याला वेळ किती लागला, असे विचारल्यावर कोल म्हणाले म्हणे, तीन वर्षांचे रविवार. हे वाक्य एवढ्या वेळा उगाळले गेले आहे की त्याचा हिशेब मांडून पाहण्याची गरज कुणाला वाटत नाही. मांडून पाहू. वर सांगितलेल्या ऐंशी हजार उमेदवारांना एकेक करून भाग लावायचा आणि प्रत्येकाला पाच मिनिटे धरायची, तर चार लाख मिनिटे, म्हणजे सहा हजार सहाशेहून अधिक तास. तीन वर्षांत रविवार साधारण १५६. दर रविवारी बेचाळीस तासांहून अधिक काम! शिवाय उमेदवारांतले मूळ कोणते, हे शोधण्याचा वेळ यात धरलेलाच नाही. म्हणजे कोल नुसते भाग लावत बसले नव्हते, हे रविवारच सांगतात. त्याच वर्षी छापलेल्या निबंधात त्यांची रीत आहे आणि ती वरच्या दुसऱ्या चाळणीचीच थोरली बहीण आहे. २ ही अवयवाच्या दरबारात वर्गाची बाकी ठरली म्हणून निम्मे उमेदवार गळाले. तशाच वर्गांच्या बाक्या ठरणाऱ्या आणखी संख्या शोधल्या तर प्रत्येक नवी संख्या उरलेल्यांतले निम्मे घालवते. दहा अशा स्वतंत्र संख्या मिळाल्या तर ऐंशी हजारांचे ऐंशीच्या आसपास उरतात. भागाकार कमी करायचे तर भागाकाराच्या आधी डोके चालवावे लागते. सगळा वेळ त्यातच जातो. तरीही हिशेबाचा मुद्दा कायम राहतो: फुटते हे सांगायला पासष्ट वर्ग पुरले, आणि कुठे फुटते ते सांगायला एका कसलेल्या गणितज्ञाची काही वर्षांची फुरसत लागली.

यावर कुणी म्हणेल, मर्सेनच्या संख्या लाडावलेल्या आहेत. त्यांच्यासाठी खास कसोटी सापडली म्हणून ‘फुटते का’ हा प्रश्न सोपा झाला. मनात येईल ती संख्या घ्या, मग पाहू. आक्षेप रास्त आहे. फर्माचा नियम कोणत्याही संख्येला कसोटी म्हणून लावता येतो, पण तो कधीकधी फसतो, आणि फसण्याचे सुरेख उदाहरण खुद्द म-६७ आहे. तिच्याहून एकाने कमी असलेल्या संख्येला ६७ ने भाग जातो; त्यामुळे २ चे सदुसष्टांचे चक्र बरोबर १ वर येऊन थांबते आणि ही संयुक्त संख्या मूळ असल्याचे बेमालूम सोंग वठवते. २ च्या जागी ३ घेतला की सोंग उघडे पडते. पण काही संयुक्त संख्या जवळजवळ प्रत्येक पायाला फसवतात. १९७० च्या दशकात गॅरी मिलर आणि मायकेल राबिन यांच्या कामातून ही कसोटी इतकी कडक झाली की प्रत्येक फेरीत फसगतीची शक्यता चारात एकाहून अधिक राहत नाही. चाळीस फेऱ्या केल्या की धोका नावापुरता उरतो. नावापुरता का होईना, तो धोकाही काढून टाकणारी सिद्धता ऑगस्ट २००२ मध्ये कानपूरहून आली. तिथल्या आयआयटीतले मनिंद्र अग्रवाल आणि नुकतेच बी.टेक. झालेले त्यांचे दोन विद्यार्थी, नीरज कयाल व नितीन सक्सेना, यांनी दाखवले की कोणतीही संख्या मूळ आहे की नाही, याचा शंभर टक्के निश्चित निकाल अंकांच्या संख्येच्या ठरावीक घाताएवढ्या पावलांत लागतो. अंक दुप्पट झाले तर काम काही पट वाढते, पण हाताबाहेर जात नाही. व्यवहारात ही रीत मिलर-राबिनपेक्षा संथ आहे आणि कामासाठी सहसा कुणी ती वापरत नाही, हे खरे. पण तिने लाडावलेपणाचा आक्षेप कायमचा मिटवला. तिघांची रीतही शेवटी अवयव दाखवत नाही. संख्या संयुक्त असेल तर ती एवढेच सांगून गप्प बसते.

तिसरा आक्षेप संगणकाचा. कोलचे रविवार आज हातातल्या मोबाइलवर क्षणात आटोपतात. मग ही दरी म्हणजे निव्वळ सावकाश चालणाऱ्या हातांची कहाणी नव्हे का? इथे दोन संख्या शेजारी ठेवून पाहाव्यात. एक म-१२७, जी मूळ असल्याचे ल्युकाने १८७६ मध्ये कागदावर दाखवले. दुसरी २ च्या १२८ व्या घातात १ मिळवून येणारी, सातवी फर्मा संख्या. दोन्हींत एकोणचाळीस अंक. दुसरी मूळ नाही हे १९०५ सालीच, हातानेच, मोअरहेड आणि वेस्टर्न या दोघांनी आपापल्या स्वतंत्र गणिताने सिद्ध केले. तिचे अवयव मात्र मायकेल मॉरिसन आणि जॉन ब्रिलहार्ट यांना १९७० साली, आयबीएमचा त्या काळचा बडा संगणक जुंपून मिळाले. लांबी तीच, एक प्रश्न विजेचे दिवे घरोघरी येण्याच्याही आधीच्या जमान्यात सुटला, दुसऱ्याला अवकाशयुग लागले. आणि यंत्रे वेगवान झाल्यावर पुढे काय झाले? २०२४ च्या ऑक्टोबरात ४,१०,२४,३२० अंकांची मर्सेन संख्या मूळ ठरली; शेवटचा निवाडा ल्युकाच्या वंशातल्याच कसोटीने झाला. अवयवांच्या बाजूचा विक्रम पाहा. रिव्हेस्ट, शामीर आणि एडलमन यांच्या गुप्तलेखनपद्धतीवरचे आव्हान म्हणून दिलेली २५० अंकी संख्या २०२० च्या फेब्रुवारीत फुटली, आणि त्यासाठी एका प्रोसेसर-गाभ्याची सुमारे २,७०० वर्षे भरतील एवढे काम अनेक यंत्रांवर वाटून करावे लागले. तीच संख्या मूळ आहे की नाही, एवढेच विचारले असते तर उत्तर सेकंदाच्या आत आले असते. एकीकडे चार कोटी अंक, दुसरीकडे अडीचशे. मर्सेन कुटुंबातच बघायचे तर २ च्या १२७७ व्या घातातून १ वजा केल्यावर येणारी ३८५ अंकी संख्या संयुक्त आहे हे कैक वर्षांपासून माहीत आहे. तिचा एकही अवयव अजून कुणाला सापडलेला नाही. यंत्रांनी दोन्ही प्रश्नांना मदत केली, पण दोघांचे अंतर मिटवले नाही. याच अंतराच्या भरवशावर आपले कितीतरी व्यवहार चालतात: तीनशे-तीनशे अंकांच्या दोन मूळ संख्या शोधणे क्षणाचे काम, त्यांचा गुणाकार जगजाहीर करणेही बिनधोक, कारण तो उलटा फोडणे कुणाला साधत नाही.

साधत नाही, की साधणारच नाही? सर्वांत जोरकस आक्षेप हाच आहे. अवयव पाडणे मुळातच अवघड आहे, असे कुणीही सिद्ध केलेले नाही. आज माहीत असलेल्या रीती संथ आहेत, एवढेच ठामपणे म्हणता येते. आणि ‘हे कुणाला जमणार नाही’ असे म्हणणाऱ्यांचा इतिहास काही अभिमानास्पद नाही. ल्युकाच्या दोनच वर्षे आधी, १८७४ मध्ये, इंग्रज तर्कशास्त्रज्ञ आणि अर्थशास्त्रज्ञ विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स याने आपल्या ग्रंथात ८,६१,६४,६०,७९९ ही संख्या देऊन, तिचे दोन अवयव आपल्यावाचून कुणाला कधी कळतील असे वाटत नाही, अशा अर्थाचे लिहून ठेवले. ते अवयव ८९,६८१ आणि ९६,०७९. जेव्हन्सची चूक अशी की त्याने दोन्ही संख्या फार जवळच्या निवडल्या. फर्माची जुनी रीत घ्यायची: वर्गमूळाच्या लगेच वरची पूर्ण संख्या ९२,८२५, तिथून एकेक पुढे सरकत प्रत्येकीच्या वर्गातून दिलेली संख्या वजा करायची आणि उरते ते वर्ग आहे का ते बघायचे. छप्पन्नाव्या प्रयत्नाला ९२,८८० च्या वर्गातून संख्या वजा केली की ३,१९९ चा वर्ग उरतो, आणि ९२,८८० मध्ये ३,१९९ मिळवून व वजा करून दोन्ही अवयव हातात येतात. एका दुपारचे काम. १९७७ च्या ऑगस्टमध्ये मार्टिन गार्डनर यांनी आपल्या स्तंभात मांडलेली १२९ अंकी संख्याही लाखो-कोटी वर्षे टिकेल असे बोलले गेले होते. सुमारे सहाशे स्वयंसेवकांनी ती सतराव्या वर्षी, १९९४ मध्ये फोडली. पण या उदाहरणांतून काय निघते ते नीट पाहिले पाहिजे. जेव्हन्सची संख्या एका विशिष्ट दोषामुळे पडली आणि तो दोष टाळता येतो. १२९ अंकांचा भाकितकर्ता चुकला तो किती वर्षे लागतील या आकड्यात. त्या संख्येलाही सतरा वर्षे लागलीच, तर ती संयुक्त असल्याचे कळायला १९७७ च्या संगणकालाही काही वेळ लागला नसता. दरी किती रुंद आहे याचे अंदाज चुकत आले आहेत; दरी नाही, असे त्यातून निघत नाही. ती कायमची आहे असे मात्र मी म्हणणार नाही, कारण तेवढा पुरावा माझ्याकडे काय, कुणाकडेच नाही.

ही दरी खरोखर बुजवू पाहणारी एक कल्पना १९९४ सालीच पुढे आली. पीटर शोर यांनी दाखवले की पुरेसा मोठा आणि बिनचूक चालणारा क्वांटम संगणक असेल तर अवयव पाडणेही आटोक्यातले काम होते. तसा संगणक आज नाही. पण त्यांच्या रीतीचे मर्म आपण २३ च्या बाक्यांत पाहिलेलेच आहे: एखाद्या संख्येचे घात घ्या, दिलेल्या संख्येने भागा, आणि बाक्यांचे चक्र किती घरांनी १ वर येते ते शोधा. चक्राची लांबी सम निघाली तर तिच्या अर्ध्यावरची बाकी बहुधा अवयवाकडे घेऊन जाते. तिच्यातून १ वजा करून दिलेल्या संख्येशी मसावि काढला की झाले. म-६७ च्या बाबतीत २ च्या चक्राची लांबी शोधायला कसलेच यंत्र नको, ती ६७ आहे हे संख्येच्या घडणीतच लिहिलेले आहे. आणि ६७ विषम आहे. तिचे अर्धे होत नाही, म्हणून फुकट मिळालेल्या या एकमेव चक्रातून अवयव निघत नाहीत. २ सोडून ३ घ्यावा, तर त्याचे चक्र प्रचंड लांबीचे असू शकते, आणि ते किती घरांचे आहे हे कागद-पेन्सिलीने काढण्याची आपल्याला ठाऊक असलेली सोपी वाट एकच आहे: आधी १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७ हे दोन आकडे हाती असायला हवेत.